शेतीविषयी आपण शहरात जे गृहीत धरतो, त्यातले नेमके काय चुकते?

प्रश्न : मुलुंडकर

माझा जन्म मुंबईत झाला आणि नोकरीही इथेच आहे. आजोबांच्या नावे सिन्नर तालुक्यात चार एकर जमीन होती. ती माझ्या लहानपणीच विकली गेली आणि त्यानंतर गावाशी माझा संबंध जत्रेच्या एका दिवसापुरता उरला. शेतीबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळे ऐकीव आहे आणि ते तपासून घ्यावे असे मला आजवर कधी वाटले नव्हते.

गेल्या महिन्यात ते वाटले. कार्यालयात जेवणाच्या वेळी कांद्याच्या भावावरून विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, की शेतकऱ्याला उत्पन्नावर कर नाही, पंपाची वीज फुकट, कर्ज दर चार वर्षांनी माफ आणि वर वर्षाला बारा हजार रुपये खात्यात, तरीही तक्रार आहेच. दुसऱ्या एका बाईंनी शेतकऱ्याची बाजू घेतली, पण ती अशी, की तो बिचारा भोळा आहे, दलाल त्याला लुबाडतात आणि त्याने रासायनिक खते सोडून पूर्वजांच्या पद्धतीने शेती केली तर तो सुखी होईल. आमच्याच टेबलाशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला तरुण सहकारी बसला होता. त्याच्या घरी कापूस आणि तूर पिकते. तो एक शब्दही बोलला नाही आणि डबा संपवून उठून गेला. संध्याकाळी मी त्याला गाठून कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, सुरुवात कुठून करायची तेच समजले नाही.’’

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दोघांपैकी कोणालाही मी अडवले नव्हते आणि दोघांचेही मला थोडेथोडे पटले होते. म्हणून जे प्रत्यक्ष शेती करतात त्यांना विचारतो आहे. आम्ही किलोला पन्नास रुपये मोजतो त्यातले तुमच्यापर्यंत किती पोहोचतात? करमाफी आणि कर्जमाफी यांबद्दलचे बोलणे कितपत खरे आहे? पाऊस चांगला झाला म्हणजे वर्ष चांगले गेले, असे आम्ही समजतो, ते बरोबर आहे का? आणि एक वैयक्तिक प्रश्न : पन्नाशीनंतर थोडी जमीन घेऊन गावी शांतपणे राहावे, असे माझ्या मनात बरीच वर्षे आहे. त्या कल्पनेतही असेच काही चुकत असेल, तर तेही मला ऐकायचे आहे.


गोदाकाठ (निफाड)

मी तीस वर्षे कांदा पिकवतो, तेव्हा त्याच पिकापुरते बोलतो.

कांदा ही एकच वस्तू आहे आणि तिचा एकच भाव असतो, असे शहरात धरले जाते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे खरिपाचा लाल कांदा, त्याच्यामागून येणारा रांगडा आणि उन्हाळी कांदा अशी तीन पिके निघतात. लाल कांद्यात पाण्याचा अंश जास्त असल्याने तो टिकत नाही. काढल्यापासून काही आठवड्यांत मिळेल त्या भावाने विकावाच लागतो. उन्हाळी कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागण होते, मार्च-एप्रिलमध्ये काढणी होते, आणि हा कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, चार-सहा महिने राहू शकतो. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात जो महाग कांदा घेता तो बहुतेक वेळा एप्रिलात निघालेला असतो. ज्याच्याकडे चाळ नाही, ज्याला मुदतीत पीककर्ज भरून व्याजाची सवलत वाचवायची आहे किंवा ज्याच्या घरी वैशाखात लग्न आहे, त्याने तो मे महिन्यातच विकलेला असतो. भाव चढतो तेव्हा त्याच्याकडे दोन गोण्याही उरलेल्या नसतात.

ज्याने चाळीत ठेवला त्याचाही हिशोब करून पाहा. समजा, एप्रिलमध्ये क्विंटलला १,२०० रुपये भाव आहे आणि माझ्याकडे १०० क्विंटल कांदा आहे. तेव्हाच विकला तर १,२०,००० रुपये येतात. मी तो ठेवला आणि सप्टेंबरात भाव २,००० झाला, तर टीव्हीवर भाव कडाडल्याची बातमी येते. पण तोपर्यंत माझ्या चाळीत वजन घटून, काही सडून, काही कोंब फुटून ६५ क्विंटलच विकण्याजोगा माल उरला असेल, तर हाती १,३०,००० रुपये पडतात. म्हणजे पाच महिने थांबणे, तीनदा निवडणी करणे आणि प्रत्येक पावसाळी रात्री चाळीच्या कुडात पाणी शिरते का ते पाहणे, या सगळ्याचे दहा हजार रुपये मिळाले, आणि त्यातून निवडणीची मजुरी अजून द्यायची आहे. गेल्या हंगामात माझा एकरी खर्च ऐंशी हजारांच्या घरात गेला होता आणि त्यात घरातल्या चौघांच्या मेहनतीचा एक रुपयाही धरलेला नाही.

लिलाव कसा होतो हेही शहरातल्या माणसाने एकदा पाहावे. ट्रॉली रांगेत लावून आपण पहाटेपासून उभे असतो. व्यापाऱ्यांचा घोळका येतो, वरचा कांदा हातात घेऊन पाहिला जातो, बोली लागते आणि मिनिटभरात वर्षाचा निकाल लागतो. भाव पटला नाही तर नकार देण्याचा हक्क मला आहे, पण मग भाड्याच्या ट्रॅक्टरमधून तोच माल घरी न्यायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आणायचा. तो हक्क क्वचितच कोणी वापरतो. आपल्या मालाची किंमत आपण सांगायची नाही, समोरचा सांगेल ती ऐकायची, अशा स्थितीत माणूस सगळा खर्च आधी करून बसलेला असतो, ही गोष्ट पगारदार माणसाच्या लवकर लक्षात येत नाही.

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. शहरात त्या बातमीचा अर्थ ‘कांदा स्वस्त होणार’ एवढाच होता. आमच्याकडे त्या वेळी बाजारात लाल कांदा होता, म्हणजे जो ठेवताच येत नाही तो. पुढच्या काही आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला. बंदी मे २०२४ च्या सुरुवातीला उठली, तरी ४० टक्के निर्यातशुल्क राहिले. ते कमी होत होत १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेले. भाव वाढला की हस्तक्षेप होतो आणि भाव पडला की बाजाराचा नियम सांगितला जातो, हे माझे खरे दुःख आहे.

दलालाबद्दल एक गोष्ट सांगतो. माझा कांदा पंधरा रुपयांना गेला आणि तुम्ही तो चाळीसला घेतला, तर मधले पंचवीस रुपये एका माणसाने खिशात घातले, असे नसते. हमाली, गोणी, निवड, ट्रकभाडे, वाटेतली नासाडी, व्यापाऱ्याच्या भांडवलाचे व्याज, तुमच्या भाजीवाल्याच्या जागेचे भाडे आणि संध्याकाळी त्याच्याकडे न विकता उरणारा माल, हे सगळे त्यात असते. लूट होत नाही असे मी म्हणत नाही. पण मधली सगळी माणसे काढून टाकली की शेतकरी आणि ग्राहक दोघेही सुखी होतील, हे मला अनुभवाने पटत नाही, कारण ती कामे कोणीतरी करावीच लागतात.


मांजरातीर (लातूर)

मी कृषी सहायक म्हणून सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि आता घरची अडीच एकर कोरडवाहू जमीन पाहतो. करमाफीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मी शहरातल्या नातेवाइकांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, हे खरेच आहे. पण कर लागण्याइतके उत्पन्न किती घरांत असते, ते पाहू. २०१८-१९ या वर्षासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७७ वी फेरी झाली, तीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यातले पिकांपासून मिळालेले होते ३,७९८ रुपये आणि मजुरीतून मिळालेले ४,०६३ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो ते सरासरी घर शेतातल्या पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगत होते. संपूर्ण कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न सव्वा लाखाच्या आत भरते, आणि त्या वर्षी एका व्यक्तीसाठी कराची किमान मर्यादाच अडीच लाख होती. ही सवलत नसती तरी यांतल्या बहुतेकांना आयकर लागला नसता. तिचा मोठा लाभ ज्यांना होतो त्यांचे मुख्य उत्पन्न अनेकदा दुसरीकडचे असते, आणि त्यांच्यावर कर लावायला माझ्यासारख्याची काहीही हरकत नाही. उलट, शेतकरी कर भरत नाही हे वाक्यही पूर्ण खरे नाही. रासायनिक कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी असतो. कारखानदार आपल्या कच्च्या मालावर भरलेला कर पुढे वळता करून घेतो, शेतकऱ्याला तो वळता करून घ्यायला वाटच नाही.

मूळ अडचण जमिनीच्या आकाराची आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अजून पहिला आकडा असतो, वाडा असतो, बैलजोडी असते.

कर्जमाफी दर चार वर्षांनी होते, असे तुमचे सहकारी म्हणाले. या पंचवीस वर्षांत आमच्या भागात लक्षात राहण्याजोग्या माफ्या २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये झाल्या, आणि तिन्ही बँकेच्या वा सोसायटीच्या कर्जापुरत्या होत्या. कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकाराचे पैसे, बायकोच्या गळ्यातले गहाण पडलेले सोने यांतले काहीच त्यात येत नाही, आणि अडचणीतला शेतकरी नेमका तिथेच अडकलेला असतो. मुदतीत फेड करणाऱ्यावर या माफीमुळे अन्याय होतो, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि ती गावातही तितक्याच जोराने केली जाते.

आता पाऊस. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. तो न होता पेरले आणि मग तीन आठवडे उघडीप पडली, तर बियाणे जाते आणि दुबार पेरणी करावी लागते. सोयाबीन फुलात असताना पावसाने ताण दिला तर शेंगा भरत नाहीत. आणि पीक कापून शेतात पडलेले असताना परतीचा पाऊस आला, तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. तीन हंगामांत एकूण पाऊस सारखाच पडला तरी एका वर्षी घर चालते, दुसऱ्या वर्षी निम्मे पीक येते आणि तिसऱ्या वर्षी काहीच येत नाही. बातम्यांत धरणे भरल्याचा आनंद सांगतात, तेव्हा धरणाच्या खाली राहणाऱ्याचा आनंद सांगतात. आमच्या राज्यातली बहुतांश शेती सिंचनाखाली नाहीच. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे, बीड-धाराशिवकडे आणि सोलापूर भागात जी अतिवृष्टी झाली तीत केवळ उभे पीक गेले नाही, नदीकाठची मातीच खरवडून गेली. पीक पुढच्या वर्षी येईल, ती माती भरून निघायला किती पिढ्या लागतील ते मला सांगता येणार नाही.

पूर्वजांच्या शेतीबद्दल फार लिहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती आणि आम्ही मुले सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या (ज्वारीच्या) भाकरी खात होतो. त्या काळात आमच्या शेतात रासायनिक खताचा एक दाणाही पडत नव्हता. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही, जमिनीसाठी शेणखत हवेच, मी स्वतः टाकतो. पण गोठ्यात जनावरच उरले नसेल तर ते आणायचे कोठून, याचा विचार सल्ला देणाऱ्याने करावा.


मुलुंडकर

आपण दोघांनी इतका वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार. चाळीतल्या कांद्याचा हिशोब मी माझ्या त्या सहकाऱ्यांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी विचारले, की शेतकऱ्याने सरळ आमच्या सोसायटीत आणून का विकू नये? हा प्रश्न मलाही पडला आहे. शिवाय गावी राहण्याविषयी कोणी अजून लिहिलेले नाही. तेही वाचायला आवडेल.


वेचणी (सेलू, परभणी)

वरची सर्व चर्चा मी वाचली. ‘शेतकरी’ म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात पुरुष येतो, इथे लिहिणाऱ्या दादांच्याही, म्हणून मी लिहिते आहे.

आमच्या पाच एकरांत कापूस आणि सोयाबीन असते. नांगरणी, फवारणी आणि बाजार ही पुरुषांची कामे. खुरपणी, वेचणी आणि बियाणे टोबणे ही बायकांची. पहिली कामे आठवड्याभरात आटोपतात, दुसरी महिनोन्‌महिने चालतात. कापसाची पहिली वेचणी साधारण दिवाळीच्या आगेमागे येते आणि शेवटची संक्रांतीच्या पुढे जाते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांच्या कडा फाटतात, आणि त्या फाटलेल्या बोटांनीच घरी येऊन भाकरी थापायची असते. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. आमच्याकडे किलोमागे दहा रुपये द्यावे लागले आणि कापसाला क्विंटलला सात हजार मिळाले, तर पिकाचा सातवा हिस्सा केवळ वेचण्यातच गेला. शहरात मी ऐकते, की यंत्र का वापरत नाही. आमच्याकडे सगळी बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत, ती टप्प्याटप्प्याने फुटतात, आणि यंत्राला तेच चालत नाही.

सातबाऱ्यावर माझे नाव नाही. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्यालाच पीककर्ज, त्यालाच विमा, त्यालाच केंद्राच्या सन्मान निधीचे वर्षाचे सहा आणि राज्याचे सहा असे बारा हजार, आणि पीक बुडाले तर त्यालाच भरपाई. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली, आमच्या शेजारच्या गावातही काहींनी केली. त्या बायकांपैकी एक आज विधवा आहे आणि जमीन तिच्या नावे असल्यामुळे ती आपले शेत आपण कसते आहे. तिच्याच वयाची दुसरी बाई दिराच्या दयेवर राहते. बारा हजार रुपयांचा हिशोब काढणाऱ्यांनी ते कोणाच्या खात्यात जातात, एवढे एकदा विचारावे.

गावातला प्रत्येकजण शेतकरी असतो, हाही एक समज आहे. आमच्या गावात कितीतरी घरांना जमीनच नाही. दिवाळी झाली, की त्यांतली निम्मी ऊसतोडीला जातात, मुलांना बरोबर घेऊन, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परतत नाहीत. मजुरी वाढली म्हणून शेतकरी कुरकुर करतो, मीही केली आहे, कारण मी मजूर लावते. पण माझे स्वतःचे खुरपण झाले, की मीही दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते, तेव्हा वाढलेली मजुरी मलाही हवी असते. एकाच बाईला या दोन्ही बाजूंनी जगावे लागते.

मुलुंडकर दादा, तुम्ही शांततेबद्दल विचारले आहे. माझी मुलगी बारावीत आहे. तिला शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही, असे मी आणि तिच्या वडिलांनी ठरवले आहे. आमच्या गावातली बहुतेक घरे मुलीसाठी नोकरीवाला मुलगा पाहतात, आणि त्याच घरांतली मुले शेती करतात म्हणून तीस-पस्तिशीपर्यंत बिनलग्नाची आहेत. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण तुम्हाला गाव कसे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर एवढे एक माहीत असलेले बरे.


कुकडी (जुन्नर)

मी तुम्ही पाहता तेच स्वप्न पाहून पुण्यातली नोकरी सोडली आणि २०१९ पासून वडिलोपार्जित तीन एकरांत राहतो. माझा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, पण मी ज्या कारणांसाठी आलो त्यांतली निम्मी कारणे टिकली नाहीत.

सर्वांत आधी कायदा. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या भागात कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे कलम ६३ आडवे येते. तुमच्या आजोबांची जमीन विकली गेली आहे, तेव्हा आपण शेतकरी आहोत हे कागदावर दाखवता येते का, ते जाणकार वकिलाकडून आधी तपासून घ्या. नाहीतर ‘फार्म प्लॉट’च्या नावाखाली दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे विकणारे लोक तुम्हाला भेटतील आणि पैसे गेल्यावर सातबारा तुमच्या नावे होणार नाही.

मग वीज. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून माफ झाले, म्हणून वीज फुकट हे तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. ती केव्हा येते, हे त्यांना माहीत नसावे. आमच्याकडे तीन फेजची वीज एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री दहा तास, अशी पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात पिकाला बारे (पाणी) द्यायला मध्यरात्री शेतात जावे लागते, आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ठिबक केले तरी पंप चालू झाला का, पाइप निसटला का, हे पाहायला जावेच लागते. काठी आणि बॅटरी घेऊन, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून आम्ही दोघे भाऊ जातो. दिवसाच्या विजेसाठी सौर वाहिन्यांची योजना सुरू झाली आहे, ज्या गावांना ती मिळाली तिथल्या बायकांची झोप परत आली आहे.

टोमॅटोच्या करोडपतींची बातमी तुम्ही वाचली असेल. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेले, हे खरे आहे. त्याच्या दोनच महिने आधी, मे महिन्यात, भाव इतका पडला होता, की तोडणीची मजुरी सुटत नसल्याने लोकांनी उभे प्लॉट सोडून दिले. माल कमी होण्याचे तेही एक कारण होते. ज्यांनी ते सोडले नाहीत किंवा ज्यांची लागण नशिबाने त्याच वेळी तोड्यावर आली, त्यांना पैसे झाले. ती बातमी पाहून बाकीच्यांनी लागण केली, मीही केली. रोप लावल्यापासून पहिला तोडा यायला सव्वादोन-अडीच महिने लागतात, म्हणून सगळ्यांचा माल सप्टेंबरात एकदम आला आणि क्रेट नेण्याचे भाडेही निघेना. त्या सप्टेंबरात मला ती बातमी दाखवून ‘आता तुमचे बरे चालले असेल’, असे म्हणणारे पुण्यातले तीन मित्र भेटले. त्यांचा हेतू चांगला होता. एका महिन्याच्या भावावरून ते माझ्या सगळ्या वर्षाचा अंदाज बांधत होते, एवढेच.

शांतता आहे, पण ती सुट्टीच्या दिवशी येणाऱ्याला जशी वाटते तशी नाही. आमच्याकडे दोन गाई आहेत, त्यामुळे सहा वर्षांत मी आणि बायको मिळून एका रात्रीपेक्षा जास्त कुठे राहिलेलो नाही. पहाटे धार काढून वेळेत डेअरीवर पोहोचायचे, तिथे दुधातली फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) पाहून दर लागतो, आणि वैरण थोडी बदलली की तो दर खाली येतो. तरीही पहिल्या पावसानंतर माती वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, येते, तेव्हा पेरायला उभे राहण्यात जे समाधान आहे, ते मला पुण्यात चौदा वर्षांत मिळाले नव्हते. तुम्हाला यायचे असेल तर आधी एक संपूर्ण वर्ष कोणाच्या तरी शेतावर राहून पाहा, आणि तोवर मुलुंडचे घर विकू नका.


गोदाकाठ (निफाड)

सोसायटीत थेट विकण्याबद्दल लिहायचे राहिले होते. फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला २०१६ पासून मोकळीक आहे, आणि त्याच सुमारास शहरांत सावता माळी आठवडे बाजारही सुरू झाले. ज्यांची घरून एक माणूस सतत बाजारात पाठवण्याची सोय आहे, त्यांना त्याचा फायदा झाला. पण माझ्या एका एकरात शंभर क्विंटल म्हणजे दहा हजार किलो कांदा निघतो. दोनशे घरांच्या सोसायटीने घरटी पाच किलो घेतला, तर एक हजार किलो गेला. उरलेल्या नऊ हजारांसाठी मला आणखी नऊ सोसायट्या हव्यात, आणि त्या दिवसांत माझ्या शेतात काढणी चालू असते. शिवाय प्रत्येकाला एकसारखा, मोठा, लालबुंद कांदा हवा असतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कोणी घेत नाही, तीही माझ्याच शेतात पिकलेली असते.

तरी एक गोष्ट होऊ शकते. पूर्वी शहरातली घरेही उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करत. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा घरटी पन्नास किलो घेतला आणि हवेशीर जागी पसरून ठेवला, बटाट्यापासून लांब, तर तो पावसाळाभर पुरतो. मला माल एकदम उतरवता येईल, चाळीतली घट होणार नाही, आणि ऑक्टोबरातल्या भावाची तुम्हाला काळजी राहणार नाही. मात्र गोणीत सरसकट माल असेल, निवडून मोठा-मोठा काढलेला नसेल, हे आधी मान्य असावे.


मुलुंडकर

आमच्या दोन इमारतींत मिळून चौसष्ट घरे आहेत. काल रात्री सूचना फलकावर कागद लावला आणि ‘सरसकट माल’ या शब्दांखाली रेघ मारली. आतापर्यंत एकोणीस घरांनी नावे दिली आहेत. माझ्या यवतमाळच्या सहकाऱ्याने कागद वाचून विचारले, की तुरीच्या डाळीचेही असे करता येईल का. त्याच्या गावात छोटी डाळमिल आहे. त्याला या चर्चेत लिहायला सांगितले आहे. गोदाकाठ, एप्रिलच्या कोणत्या आठवड्यात ट्रक पाठवायचा ते कळवा, म्हणजे पहिल्या काढणीच्या वेळी मी स्वतः येऊन जाईन.